सह्यांचीं स्मारक-पाकिटें : साधन कीं स्मरणवस्तु ?

गेल्या ज्येष्ठांत आमचे एक जुने विद्यार्थी दोन जाड वह्या काखेंत घेऊन आमच्या घरीं आले. विद्यार्थी म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. त्यांनींही आतां पन्नाशी ओलांडली आहे. वह्यांतून टपालाचीं दोनशें चौदा पाकिटें नीट लाविलेलीं होतीं. प्रत्येक पाकिटावर डावीकडे एखाद्या लढाईचें, विमानाचें अथवा पलटणीच्या बोधचिन्हाचें चित्र, उजवीकडे तिकीट, तिकिटावर त्या प्रसंगापुरता केलेला खास शिक्का, आणि मोकळ्या जागेंत शौर्यपदक मिळविलेल्या कोणा योद्ध्याची सही. हा सर्व संग्रह मंडळाच्या दप्तरखान्यास द्यावा अशी त्यांची इच्छा आहे. घरांत पुढच्या पिढीस त्याची गोडी नाहीं. विकावयास काढला तर मोल येईल, पण एकेक पाकीट एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन संग्रह फुटेल, ही त्यांस भीति. 'गुरुजी, तुम्ही चार ओळी लिहिल्यात तर मंडळ नको म्हणणार नाहीं,' असें ते म्हणाले.

चार ओळी लिहिणें कठीण नव्हतें. परंतु ही गोष्ट मंडळाच्या दोघां स्नेह्यांच्या कानीं घातली तेव्हां त्यांचीं मतें अगदीं दोन टोकांस गेलीं. एक म्हणाले, तिकिटें जमविणें हा शाळकरी पोरांचा नाद. दप्तरखान्यांत त्यास जागा कशाला? दुसरे म्हणाले, ज्यानें लढाई केली त्याच्या हातची सही, याहून अस्सल साधन तें कोणतें ? आम्हांस दोन्ही मतें घाईचीं वाटतात; आणि दुसरें तर पहिल्याहून अधिक घातक वाटतें. पहिल्यानें फार तर एक संग्रह हातचा जाईल. दुसऱ्यानें पुराव्याची पारख जाईल. म्हणून चार ओळींऐवजीं हा विस्तार करावा लागत आहे.

ज्या वाचकांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्याकरितां प्रथम वस्तूचा परिचय. संग्राहक हिला 'कव्हर' म्हणतात. आम्ही स्मारक-पाकीट म्हणूं. नेहमींचें पाकीट कोणी तरी कोणास कांहीं कळवावें म्हणून धाडतो, आणि आंतला मजकूर वाचून झाला कीं पाकिटाचें काम संपतें. स्मारक-पाकिटांत पत्र बहुधा नसतेंच. असलाच तर प्रसंगाची माहिती छापलेला एक कार्डाचा तुकडा असतो. तें कोणास कांहीं कळविण्याकरितां निघालेलें नसून जपून ठेवण्याकरितांच जन्मास आलेलें असतें. हा भेद लहान नाहीं, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

या प्रकाराचें मूळ शोधूं गेल्यास तें आपल्याच देशांत बरेंच मागें सांपडतें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या निमित्तानें आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें यमुनेपलीकडे नैनीस विमानानें नेलीं. सरकारी टपाल विमानानें जाण्याची जगांतील ती पहिलीच वेळ समजतात. त्या पत्रांवर विमानाचें चित्र असलेला खास शिक्का मारलेला होता, आणि जादा आकारलेली रक्कम एका ख्रिस्ती वसतिगृहाच्या इमारतीकरितां होती. खास शिक्का, खास वाहन आणि धर्मादाय हेतु, हीं तीन अंगें तेथेंच पुरीं झालेलीं दिसतात. वीराच्या सहीचें चौथें अंग पुढें जडलें, आणि तें जडल्यावर पहिलीं तीन मागें पडलीं.

पहिल्या वहींतील पाकिटें बहुतेक इंग्लंडांतलीं, विकत घेतलेलीं आहेत. ब्रिटनच्या लढाईस पंचवीस वर्षें झाल्यानिमित्त १३ सप्टेंबर १९६५ रोजीं तेथील टपालखात्यानें आठ तिकिटें काढलीं. तत्पूर्वीं त्या देशांत स्मारक तिकिटें काढण्याविषयीं बराच कंजूषपणा होता. अँथनी वेजवुड बेन हे पोस्टमास्तर-जनरल झाल्यावर हें धोरण सैल झालें. पुढें हेंडन येथें १९७२ च्या नोव्हेंबरांत उघडलेल्या वायुदल-संग्रहालयाच्या नांवें पाकिटांच्या मालिकाच निघूं लागल्या. पाकिटें विमानांत घालून न्यावयाचीं, उड्डाणाचा वृत्तांत आंतल्या कार्डावर छापावयाचा, नांवाजलेल्या वैमानिकांच्या सह्या घ्यावयाच्या, आणि विक्रीचा नफा संग्रहालयास अथवा जुन्या सैनिकांच्या साहाय्यनिधीस द्यावयाचा, अशी ही रीत. हेतु चांगला होता यांत संशय नाहीं. ज्या वृद्धांनीं टेबलाशीं बसून शेंकडों पाकिटांवर सह्या केल्या त्यांनीं आपल्या जुन्या सोबत्यांच्या विधवांकरितां तें काम केलें. कोणी पाकिटें विकून श्रीमंत झाला असेल तर तो सही करणारा नव्हे.

आतां स्थालीपुलाकन्यायानें एखाददुसरें पाकीट घेऊन पाहूं. एकावर १९६५ च्या सप्टेंबरचा शिक्का आहे, चित्र १९४० च्या हवाई लढाईचें आहे, आणि सही एका गाजलेल्या वैमानिकाची आहे. वाचक म्हणेल, उत्तम; काळ निश्चित झाला. तसें झालेलें नाहीं. येथें काळ तीन आहेत. स्मारलेल्या घटनेचा काळ १९४०. शिक्क्याचा काळ १९६५. आणि सहीचा काळ? तो कोठेंच लिहिलेला नाहीं. सही करणारा गृहस्थ १९६५ नंतर पुष्कळ वर्षें हयात होता. शिक्का बसलेलें पाकीट दहा वर्षांनीं, वीस वर्षांनीं कोणीही त्याच्यापुढें ठेवूं शकला असता. म्हणजे तिहींपैकीं ज्या काळाची सरकारी साक्ष आहे तो शिक्क्याचा काळ आपल्यास सर्वांत कमी उपयोगाचा. आणि ज्या हातामुळें पाकिटास मोल आलें त्या हाताचा काळ अज्ञात.

आमच्या जुन्या कारकुनांस ही चूक सहन झाली नसती. मराठेशाहींतील पत्र हातीं आलें म्हणजे आपण प्रथम काय पाहतों ? कागद, मोडीचें वळण, माथ्याचा शिक्का, शेवटचें मोर्तब, शक, चंद्र. आणि पत्र उलटून पैवस्ती. पत्र ज्या दिवशीं लिहिलें तो एक दिवस व ज्या दिवशीं पोंचलें तो दुसरा, हा विवेक त्या कारकुनांस उपजत होता, आणि तो त्यांनीं पाठीमागें दोन शब्दांत नोंदून ठेविला म्हणून आज आपल्यास मोहिमेंतील निरोपांचा वेग मोजतां येतो. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढल्यापासून महाराष्ट्रांतील संशोधकांनीं जी कसोटी बखरींस व महजरांस लाविली, ती अर्वाचीन वस्तूस लावूं नये असा कांहीं नियम नाहीं. त्या कसोटीनें पाहतां आमच्यापुढील दोनशें चौदांपैकीं दोनशेंहून अधिक पाकिटांस पैवस्ती नाहीं.

सहीच्या अस्सलपणाविषयीं फार लिहीत नाहीं. विकत घेतलेल्या अनेक पाकिटांबरोबर सही खरी असल्याचें प्रमाणपत्र आहे. परंतु जो पाकीट विकतो तोच प्रमाणपत्र देतो. मीमांसक वेदांस स्वतःप्रमाण मानतात; विक्रेत्याचें प्रमाणपत्र त्या पंक्तीस बसविण्यास आमची तयारी नाहीं. ताडून पाहावयाचें तर दुसरी निर्विवाद सही हवी, आणि तीही त्याच वयांतली. कारण बाविसाव्या वर्षीं वैमानिकाच्या नोंदवहींत केलेली सही आणि सत्तराव्या वर्षीं पाकिटावर केलेली सही यांत एका माणसाचे दोन हात असतात. ज्यांनीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत जन्म घालविला आहे त्यांस याची खूण पटेल.

सहीचा व तिकिटाचा परस्परसंबंध हा आणखी एक घोटाळा. भारताच्या टपालखात्यानें जानेवारी २००० मध्यें शौर्यपदकविजेत्यांचीं पांच तिकिटें काढलीं. त्यांवर लान्स नाईक करमसिंग, अब्दुल हमीद, आल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हे चार परमवीर, आणि 'खुकरी' या आपल्या नौकेबरोबर ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं समुद्रांत गेलेले महावीरचक्राचे मानकरी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आहेत. या पांचांपैकीं करमसिंग तेवढे आपल्या पराक्रमानंतर जगले, आणि तेही १९९३ सालीं वारले. तेव्हां तिकिटें निघालीं त्या दिवशीं पांचांपैकीं एकही सही करण्यास उरलेला नव्हता. आमच्या विद्यार्थ्यापाशीं या तिकिटांचीं सहा पाकिटें आहेत, आणि सहाहींवर सह्या आहेत. अर्थात् त्या दुसऱ्या वीरांच्या आहेत, निराळ्या युद्धांतल्या, निराळ्या पलटणींतल्या. तिकीट एकाची साक्ष देतें, सही दुसऱ्याची, आणि शिक्का तिसऱ्याच गांवचा. पन्नास वर्षांनीं एखादा अभ्यासक हें पाकीट पाहील आणि सही करणारा हमीदांच्या शेजारीं लढला होता असें लिहून मोकळा होईल. त्यास दोष देतां येणार नाहीं.

परंतु या संग्रहाविरुद्ध आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. सहीवरून वीर गोळा करावयाचे म्हटल्यास जे जगले तेच गोळा होतात. परमवीरचक्र आजवर एकवीस जणांस मिळालें. त्यांतील चौदांस मरणोत्तर. म्हणजे सह्यांच्या वहींत या सर्वोच्च पदकाच्या तीन भागांपैकीं दोन भाग कधीं येऊंच शकत नाहींत, मग संग्राहकानें कितीही पैसा व पायपीट खर्चो. उरलेल्या सातांतही मेजर धनसिंग थापा यांचें उदाहरण पाहावें. १९६२ सालीं ते पडले असें समजून त्यांस पदक मरणोत्तर म्हणून जाहीर झालें. पुढें ते चीनच्या कैदेंत जिवंत असल्याचें कळलें आणि ते परत आले. त्यांची सही संग्राहकास मिळण्याजोगी झाली ती एका सरकारी समजुतीच्या चुकीमुळें.

हें पदक सावित्रीबाई खानोलकर यांनीं आंखून दिलें. जन्मानें त्या युरोपियन. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशीं विवाह करून त्या इकडच्याच झाल्या, आणि आपलीं पुराणें त्यांनीं आमच्यांतल्या बऱ्याच जणांहून अधिक आस्थेनें वाचलीं होतीं. पदकाच्या पृष्ठभागावर त्यांनीं इंद्राचें वज्र चार वेळां घातलें. तें वज्र दधीचीच्या अस्थींचें. दधीचि आपला देह देऊन मोकळा झाला; वज्र दुसऱ्याच्या हातीं गेलें. पदकाच्या चित्रांतच जी गोष्ट सांगितलेली आहे ती पदकविजेत्यांच्या सह्या जमविणाऱ्यांच्या नजरेंतून निसटावी याचें आम्हांस नवल वाटतें.

आपल्याकडचीच दोन नांवें घेतों, म्हणजे आक्षेप पुरता ध्यानांत येईल. नाईक यशवंत घाडगे हे माणगांव तालुक्यांतले, पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतले. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडींतील एकूण एक माणूस पडला किंवा जखमी झाला, एकटे घाडगे उरले. ते सरळ त्या मशीनगनवर धांवले. हातबाँब टाकून त्यांनीं ती बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि बंदूक पुन्हां भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस तिच्याच दस्त्यानें लोळविलें. नंतर दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते तेथेंच पडले. वय बावीस. शिपाई नामदेव जाधव हे अहिल्यानगर (त्या वेळचें अहमदनगर) जिल्ह्यांतले, त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणींतले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर त्यांनीं दोघां जखमींस एकामागून एक पाण्यांतून, चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून पलीकडे सुरक्षित पोंचविलें. मग परत फिरून एकट्यानें शत्रूचीं मशीनगनचीं तीन ठाणीं बंद केलीं. हातास गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें तेव्हां हातबाँब फेंकले. आणि शेवटीं बांधाच्या माथ्यावर उभें राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या लोकांस बोलावून घेतलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव १९८४ पर्यंत हयात होते; त्यांच्यापुढें पाकीट धरून सही मागणें कोणासही शक्य होतें. घाडग्यांच्या पुढें पाकीट कोठें धरावयाचें ? एकाच रेजिमेंटचे, एकाच देशांत, नऊ महिन्यांच्या अंतरानें लढलेले हे दोन मराठे. संग्राहकाच्या वहींत एकास जागा आहे, दुसऱ्यास नाहीं, आणि जागा नसण्याचें कारण हेंच कीं त्यानें अधिक दिलें.

हा आक्षेप विद्यार्थ्यास बोलून दाखविला तेव्हां ते जरा खिन्न झाले. मग म्हणाले, 'पण गुरुजी, जे नाहींत त्यांच्याकरितांच तर हे सही करीत.' हें उत्तर आम्हीं लिहून घेतलें आहे, कारण तें खरें आहे. मात्र तें पाकिटावर लिहिलेलें नाहीं.

वह्यांची मांडणीही आम्हांस पसंत नाहीं. त्यांनीं पाकिटें पदकांच्या उतरंडीनें लाविलीं आहेत. आधीं व्हिक्टोरिया क्रॉस व परमवीर, मग त्याखालचीं पदकें, अगदीं शेवटीं नुसते प्रशस्तिपत्रवाले. बाजारांत भाव याच क्रमानें असतो हें कबूल. पण पदक हें सरकारनें केलेलें मूल्यमापन होय, आणि इतिहासकारानें सरकारचें मूल्यमापन तपासावयाचें असतें, उतरून घ्यावयाचें नसतें. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ सालीं स्थापन झाला. हिंदी शिपायास तो मिळण्याची मोकळीक होण्यास १९११ साल उजाडावें लागलें. मधल्या पंचावन्न वर्षांत आपल्या लोकांनीं अफगाणिस्तानांत, ब्रह्मदेशांत, आफ्रिकेंत जें केलें त्यास १८३७ पासूनचें निराळें 'ऑर्डर ऑफ मेरिट' होतें. गोऱ्याचें शौर्य एका खणांत व काळ्याचें दुसऱ्या खणांत. उतरंडीनें मांडणी केली कीं हे खण जसेच्या तसे आपल्या वहींत येतात. पाकिटें लढायांच्या क्रमानें लावावीं अशी आमची सूचना आहे. मग एका रणभूमीवरचा मोठ्या पदकाचा मानकरी व बिनपदकाचा सोबती शेजारीं तरी येतील.

आतां सहीविषयींच थोडें. सही म्हणजे अक्षरांत लिहिलेलें नांव, ही कल्पना आपल्या जुन्या कागदांस मान्य नव्हती. मराठी महजर उघडून पाहावेत. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांच्या निशाण्या आपापल्या धंद्याच्या हत्यारांच्या. नांव कारकुनानें लिहावयाचें आणि खूण ज्याची त्यानें करावयाची. अक्षर न येणाऱ्या माणसाची साक्ष त्या काळीं कमी भरत नसे. सह्यांच्या बाजारांत मात्र ज्यास लफ्फेदार इंग्रजी सही करतां येते त्याचा भाव वर. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सांत गेलेल्या हिंदी शिपायांपैकीं पुष्कळांस लिहितां येत नव्हतें. ते सोबत्याकडून पत्र लिहवून घेत. तीं पत्रें तपासण्याकरितां बूलोन येथें एक कचेरी होती. तेथील अंमलदारांनीं आपल्या अहवालांसाठीं जे इंग्रजी उतारे काढले ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मूळ पत्रें बहुतेक गेलीं. लिहिणारा दुसरा, भाषांतर करणारा तिसरा, सही कोणाचीच नाहीं. तरी शिपायाच्या मनांत काय चाललें होतें हें जाणण्यास त्या उताऱ्यांतील एक पान शंभर सह्यांच्या पाकिटांस भारी आहे.

येथें एक कबुली द्यावयास हवी. आमचे एक चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणीबरोबर इटलींत होते. त्यांचीं घरीं आलेलीं पत्रें माळ्यावरच्या ट्रंकेंत एका पंचांत बांधून ठेविलेलीं होतीं. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असतां आम्हांस तिकिटें जमविण्याचा नाद लागला, आणि एका सुटींत आम्हीं तें गांठोडें सोडलें. बहुतेक पाकिटांवर तिकीटच नव्हतें; नुसते दोन-तीन गोल-चौकोनी शिक्के. हीं पाकिटें निरुपयोगी ठरवून आम्हीं बंबांत घातलीं. दोहोंवर तिकिटें होतीं, तीं पाण्यांत भिजवून सोडवून घेतलीं. लष्करी टपालकचेरीच्या शिक्क्यांत गांवाचें नांव नसतें, केवळ क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कोणत्या दिवशीं कोणत्या सैन्याबरोबर कोठें होता हें जुळविलें म्हणजे पत्र कोठून निघालें तें ठरवितां येतें, हें ज्ञान आम्हांस पुढें पुष्कळ वर्षांनीं झालें. आजोबा १९४४ च्या उन्हाळ्यांत कोठें होते हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि आतां सांगणारा कोणी राहिला नाहीं. तीं दोन तिकिटें मात्र अद्याप आमच्या वहींत आहेत.

म्हणूनच दुसऱ्या वहीच्या पाठीमागच्या कप्प्यांत जें एक मळकें पाकीट सांपडलें त्यावर आमची नजर खिळली. त्यावर लष्करी टपालकचेरीच्या क्रमांकाचा शिक्का आहे, तपासनिसाचा शिक्का आहे, आणि सातारा जिल्ह्यांतील एका खेड्याचा पत्ता शाईनें मराठींत लिहिलेला आहे. तिकीट नाहीं, चित्र नाहीं, कोणा शूराची सही नाहीं. रद्दीवाल्यानें इतर पाकिटांबरोबर फुकट दिलेलें, आणि संग्रहांत बसत नाहीं म्हणून विद्यार्थी तें काढून टाकणार होते. आमच्या मतें दोनशें चौदांत तें आलें नसलें तरी मंडळानें प्रथम घ्यावयाचें तें हेंच. तें कोणी जपण्याकरितां तयार केलें नव्हतें. तें पोंचण्याकरितां निघालें होतें आणि पोंचलें.

मग उरलेलीं परत पाठवावीं काय ? नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर त्यांजपाशीं नाहीं तो प्रश्न त्यांस विचारूं नये, इतकेंच. लढाई कशी झाली हें तीं सांगूं शकत नाहींत. लढाईनंतर तीस-चाळीस वर्षांनीं समाजानें ती कशी आठविली, कोणास आठविली, कोणाकरितां पैसा जमविला, हें तीं उत्तम सांगतात, आणि त्या बाबतींत तीं अस्सल साधनेंच होत. इंग्लंडांतल्या मालिकांत इंग्रज आणि जर्मन वैमानिकांच्या सह्या एकाच पाकिटावर आढळतात. दोन्ही पाय गमावूनही लढणारे डग्लस बेडर १९४१ च्या ऑगस्टांत शत्रूच्या हातीं सांपडले, तेव्हां जर्मन वायुदलाचे आडोल्फ गॅलंड यांनीं त्यांस सन्मानानें वागविलें. बेडरांचा एक कृत्रिम पाय नाहींसा झाला होता तो इंग्रजांनीं विमानांतून टाकून पोंचविला. युद्धानंतर या दोघांचा स्नेह राहिला. अशा दोन नांवांचें शेजारीं येणें १९४० सालीं अशक्य होतें व पुढें शक्य झालें. ही गोष्ट १९४० च्या इतिहासांतील नव्हे, पुढच्या काळाच्या इतिहासांतील आहे, आणि तिची साक्ष पाकीटच देतें.

लेनर्ड चेशायर यांचेंही असेंच. शंभर हल्ल्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला हा वैमानिक ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवरील स्फोट विमानांतून पाहून आला, आणि पुढें अपंगांकरितां आश्रम काढण्यांत त्यानें आयुष्य घातलें; मुंबईस अंधेरी येथें त्यांचा एक आश्रम आहे. वहींत त्यांच्या सहीचीं तीन पाकिटें आहेत. तिहींवर बाँबफेकी विमानें आहेत, आश्रम एकावरही नाहीं. स्मारक कशाचें करावयाचें हें ठरविणारांनीं काय निवडलें आणि काय वगळलें, हें या तीन कागदांवरून सहज शिकवितां येईल.

दुसऱ्या वहींतील भारतीय पाकिटांचें मोल आम्ही अधिक समजतों. आपल्या सैन्याची टपालसेवा १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोर झाली; तिचें शिक्षणकेंद्र आपल्याकडेच, नागपुराजवळ कामठीस आहे. पलटणींचे वर्धापनदिन, जुन्या सैनिकांचे मेळावे, निशाण-प्रदान अशा प्रसंगीं ती जीं पाकिटें काढते त्यांच्या आंतल्या कार्डांवर पलटणीचा छोटासा इतिहास छापलेला असतो, आणि कित्येक लहान तुकड्यांचा तेवढाच इतिहास सामान्य वाचकाच्या हातीं लागतो. शिवाय या वहींतील सह्या आमच्या विद्यार्थ्यानें स्वतः जाऊन घेतलेल्या आहेत. प्रत्येक सहीमागें एक भेट आहे. एका वृद्ध सुभेदारांकडे ते सकाळीं सातास पोंचले, तेव्हां सुभेदार गोठ्यांत होते. हात धुऊन आले, हात कांपत होता म्हणून सुनेनें पाकीट धरिलें, आणि लढाईविषयीं विचारतांच त्यांनीं पाऊस कुठपर्यंत झाला तें विचारलें. लढाईविषयीं ते शेवटपर्यंत बोलले नाहींत. हा प्रसंग विद्यार्थ्यानें आमच्या ओटीवर बसून सांगितला. तो पाकिटावर नाहीं, वहींत नाहीं, त्यांच्या डोक्यांत आहे. ते गेले कीं पाकिटावर एक वांकडी सही तेवढी उरेल, आणि ती वांकडी कां हें कोणास कळणार नाहीं.

तेव्हां मंडळास आमची शिफारस अशी : संग्रह घ्यावा, परंतु पैवस्तीसह. सही कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवीं, कोणासमक्ष झाली, काय बोलणें झालें, विकत घेतलेलें असल्यास कोणाकडून व केव्हां, हें प्रत्येक पाकिटामागें निराळ्या कागदावर दात्यानें स्वतःच्या हातानें लिहून द्यावें. पाकिटावर कांहीं लिहूं नये. मोकळ्या जागीं, ज्यांस सही देतां आली नाहीं त्यांचीं नांवें लढाईवार घालावीं. घाडग्यांचें नांव जाधवांच्या आधीं येईल. आणि तीं पाकिटें ज्या पारदर्शक खिशांत आहेत त्यांतून आधीं काढावीं. ते खिसे ज्या प्लॅस्टिकचे आहेत त्यास पी. व्ही. सी. म्हणतात, आणि कालांतरानें तें चिकट होऊन शाई ओढून घेतें. परमवीरचक्राचीं इंग्रजी आद्याक्षरेंही तींच. पण त्या नामसाम्यावर विसंबूं नये.

दात्यानें या अटी मान्य केल्या आहेत, आणि श्रावणापासून ते लिहावयास बसले आहेत. आजवर एकोणतीस पाकिटांच्या पैवस्त्या झाल्या. तिसाव्या पाकिटावरील सही कोणत्या सालीं घेतली हें त्यांस आठवेना; 'सुमारें १९९०' असें लिहूं का, म्हणून त्यांनीं परवां विचारलें. 'आठवत नाहीं' असें लिहावें, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.